फायबरवर एसक्यूएम लावलं, तरी कॉल अडखळतात. ओव्हरहेडच्या रकान्यात नक्की किती भरायचं?

तेरेखोल_काठ (पेडणे)

नमस्कार मंडळी. घरी २०० एमबीपीएसचं फायबर आहे. ओएनटीच्या (फायबर घरात येऊन संपतं तो डबा) पुढे माझा स्वतःचा राउटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली, जोडणी पीपीपीओईची (लॉगिन करून होणारी). दिवसभर ऑफिसचे कॉल असतात. मुलीने फोन हातात घेतला किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वर चढायला लागलं की माझा आवाज समोरच्याला तुटक जातो. म्हणून एसक्यूएम (पॅकेटांची रांग राउटरवरच आवरणारी सोय) बसवलं: त्यातली केक ही पद्धत, वेग १९०/१९०, म्हणजे प्लॅनच्या ९५ टक्के. काहीच फरक नाही. डाउनलोड चालू केलं की पिंग १२ वरून थेट शंभरच्या वर जातं. बफरब्लोटच्या (रांग तुंबून पिंग वाढण्याच्या) टेस्टमध्ये ग्रेड "सी".

ल्युसीमध्ये (राउटरच्या सेटिंगच्या पानावर) "लिंक लेयर अ‍ॅडाप्टेशन" नावाचा टॅब आहे, त्यात ओव्हरहेड, म्हणजे दर पॅकेटमागे जादा धरायचे बाइट, शून्य आहे. कुठे ४४ लिहा म्हणतात, कुठे ३४, कुठे २२. कोणाचं धरायचं? आणि एवढ्या चार बाइटांनी माझा कॉल सुधारणार आहे का?

मायक्रोबाब (मडगाव)

ओव्हरहेड सोड. वेग १७० कर, बघ. माझ्याकडे मायक्रोटिकचा राउटर आहे, प्रणाली राउटरओएस ७, केकची रांग लावलीय, ओव्हरहेडला कधी हात लावला नाही. दहा टक्के कमी केले की विषय संपला.

म्हापसा_शुक्रवार

+१. गेम खेळणाऱ्याला पिंग महत्त्वाचं, वेग नव्हे. १५० कर.

तेरेखोल_काठ

१७० केलं, १५० केलं. पिंग तसंच. म्हणून तर इथे आलो.

पॅकेटमास्तर (फोंडा)

थांबा. १५० करूनही पिंग चढत असेल तर तुमचा शेपर (वेगाला लगाम घालणारा भाग) काम करतच नाहीये, कारण रांग त्याच्या पुढे कुठे तरी लागते आहे. एसक्यूएम बंद करा, लॅपटॉप वायरने लावा आणि स्पीड टेस्टचा नेमका आकडा द्या. दशांशासकट. "साधारण ९०" नको.

तेरेखोल_काठ

डाउनलोड ९३.५, ९३.६, ९३.६. अपलोड ९३.४. कधीच ९४ च्या वर नाही. मला वाटलं प्रोव्हायडर गर्दीच्या वेळी वेग कापतो, पण पहाटेही हेच.

पॅकेटमास्तर

तुमचं उत्तर या ९३.६ मध्येच आहे आणि ओव्हरहेड म्हणजे काय तेही त्यातच कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथरनेटच्या वायरीवरून पॅकेट जातं तेव्हा नुसतं पॅकेट जात नाही. आधी ७ बाइटांचा प्रीअँबल, १ बाइट सुरुवातीची खूण, ६ बाइट पोचायचा पत्ता, ६ बाइट निघाल्याचा पत्ता, २ बाइट प्रकार. मग तुमचं पॅकेट. शेवटी ४ बाइटांचा चेकसम आणि पुढचं पॅकेट सुरू होण्याआधी १२ बाइटांइतकी शांतता. बेरीज ३८. पीपीपीओई असेल तर पॅकेटच्या पोटातले आणखी ८ बाइट जातात, म्हणून तर तुमचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ असतो.

आता हिशेब. १४९२ चं आयपी पॅकेट वायरीवर १४९२ + ८ + ३८ = १५३८ बाइटांची जागा खातं. त्यातले स्पीड टेस्टला दिसणारे, म्हणजे आयपी आणि टीसीपीचे हेडर आणि टाइमस्टँप काढून उरलेले, १४४० बाइट. १४४० भागिले १५३८ म्हणजे ०.९३६. तुमचं पोर्ट १०० एमबीपीएसवर चालत असेल तर स्पीड टेस्ट बरोब्बर ९३.६ दाखवणार. ना कमी, ना जास्त. सकाळ-संध्याकाळ तेच.

प्रोव्हायडर वेग कापत असता तर आकडा असा खिळल्यासारखा राहिला नसता. राउटरमध्ये शिरून इथटूल ही कमांड चालवा आणि वॅनच्या (ओएनटीकडच्या) पोर्टचा स्पीड बघा. १०० दिसला तर ओएनटी ते राउटरची पॅच केबल बदला. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात. एक पिन जरी धरत नसली तरी पोर्ट गपचूप शंभरवर उतरतं, तक्रार करत नाही.

तेरेखोल_काठ

१०० च आहे!! केबल काढून बघितली तर प्लगच्या दोन पिना हिरव्या पडल्यात. घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, खिडकी कायम उघडी.

रेवती_साखळी

किनाऱ्यावर हे नेहमीचं. आमच्या मावशीकडे हरमलला दर पावसाळ्यानंतर कुठला ना कुठला प्लग असाच निघतो. ओएनटीच्या बाजूचं पोर्टही बघून घ्या, नवी केबल खराब पोर्टात घातली तर तीही जाते.

मायक्रोबाब

म्हणजे केबलचा दोष निघाला. मी म्हटलं होतंच, ओव्हरहेडचा काही संबंध नाही.

पॅकेटमास्तर

मायक्रोबाब, ९३.६ हा आकडा ओव्हरहेड ठाऊक असल्याशिवाय ओळखता आला असता का? 🙂

आणि संबंध आहे तो असा. ओव्हरहेड "फायबरचं इतकं, केबलचं इतकं" असं नसतं. वाटेत सगळ्यात अरुंद जागा जिथे असेल, त्या जागेचं ओव्हरहेड आपल्याला मोजायचं असतं. तेरेखोलभाऊंचं फायबर कितीही रुंद असो, काल त्यांची अरुंद जागा ती हिरवी केबल होती. तिथे इथरनेटचे ३८ अधिक पीपीपीओईचे ८ असे ४६ बरोबर होते आणि वेग १०० च्या आत हवा होता. १५० लिहून काही होणार नव्हतं. उद्या नवी केबल आली की अरुंद जागा सरकून प्रोव्हायडरच्या शेपरवर जाईल आणि मग तो शेपर काय मोजतो ते महत्त्वाचं.

म्हापसा_शुक्रवार

पण मास्तर, जीपॉनचं, म्हणजे फायबरवरच्या तंत्राचं, स्वतःचं ओव्हरहेड असेल ना? ते का नाही धरायचं?

पॅकेटमास्तर

आहे. जीपॉनमध्ये इथरनेटची फ्रेम जेम नावाच्या आवरणात जाते, त्याचं हेडर ५ बाइटांचं. प्रीअँबल आणि मधली शांतता फायबरवर जातच नाही, त्यामुळे ३८ मधले २० तिथे गळतात. पण जीपॉनचा खाली येणारा वेग २.४८८ गिगाबिट आणि वर जाणारा १.२४४ गिगाबिट, तो त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांत वाटलेला. तुमचा २०० चा प्लॅन त्या काचेने (फायबरने) अडलेला नाही, प्रोव्हायडरने त्याच्या यंत्रावर जो आकडा टाकलाय त्याने अडलाय. म्हणून काचेचं ओव्हरहेड विसरा.

रेवती_साखळी

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण केबल टीव्हीवरचं इंटरनेट. त्याच्या तंत्रात, म्हणजे डॉक्सिसमध्ये, तारेवर खरं ओव्हरहेड किती तरी जास्त असतं. पण ग्राहकाचा वेग मोजताना इथरनेटची फ्रेम पत्त्यापासून चेकसमपर्यंत धरायची, असं डॉक्सिसच्या मानकातच लिहिलंय. म्हणजे १४ + ४ = १८. म्हणून केकमध्ये "डॉक्सिस" लिहिलं की ते आपोआप ओव्हरहेड १८ आणि एमपीयू ६४ घेतं. (एमपीयू म्हणजे पॅकेट कितीही चिमुकलं असलं तरी किमान एवढे बाइट धरायचे.) इथे भौतिकशास्त्र नव्हे, हिशेबनीस जिंकतो.

मायक्रोबाब

सगळं मान्य. पण माझा मूळ मुद्दा कोणी खोडला नाही. ओव्हरहेड ४४ लिहून वेग १०० ठेवणं आणि ओव्हरहेड शून्य लिहून वेग ९७ ठेवणं, फरक काय? शेवटी दोन्हीकडे तीन टक्के कमीच केले ना?

पॅकेटमास्तर

हा प्रश्न चांगला आहे आणि खरी गोम इथेच आहे.

पॅकेट १५०० चं असेल तर काही फरक नाही. समजा अरुंद जागा १०० ची आणि तिथे खरं ओव्हरहेड ४४. तुम्ही ओव्हरहेड शून्य आणि वेग ९७ लिहिलात. १५०० चं प्रत्येक पॅकेट तिथे १५४४ होतं, म्हणजे तुमचे ९७ तिथे पोचेपर्यंत ९९.८५ होतात. काठोकाठ, पण मावतात. तुम्ही टेस्ट घेता, ए ग्रेड येते, खूश होता.

आता त्याच सेटिंगवर २०० बाइटांची पॅकेटं सोडा. २०० चं २४४ होतं. तुमचा शेपर समजतो आपण ९७ सोडतोय, तिकडे पोचतात ११८. १०० च्या जागेत ११८ म्हणजे रांग पुन्हा प्रोव्हायडरकडे आणि तुमचा केक इकडे हात बांधून उभा.

वेग कमी करणं ही टक्केवारीची कपात आहे आणि ओव्हरहेड हा दर पॅकेटमागे ठरावीक खर्च. ही दोन बटणं एकाच आकाराच्या पॅकेटसाठी एकमेकांची जागा घेऊ शकतात. आकार बदलला की नाही. आणि स्पीड टेस्ट नेमकी मोठ्याच पॅकेटांची घेतली जाते, त्यामुळे चूक तिथे दिसत नाही.

मायक्रोबाब

पण घरात १०० एमबीपीएस भरतील एवढी २०० बाइटांची पॅकेटं सोडतो कोण? व्हॉइस कॉल शंभर केबीपीएसचा. गेम त्याहून कमी.

पॅकेटमास्तर

सममित फायबरवर? जवळजवळ कोणीच नाही. तिथे तुमची दहा टक्क्यांची कपात पुरेल, हे मी मान्य करतो. फक्त दहा टक्के फुकट घालवण्यापेक्षा ४४ लिहून पाच टक्के घालवणं मला परवडतं. आणि ४४ जास्त झाले तरी नुकसान किती? खरं ओव्हरहेड २३ असेल आणि तुम्ही ४४ धरलेत, तर १५०० च्या पॅकेटवर २१ बाइट जादा, म्हणजे दीड टक्का सुद्धा नाही. कमी धरलं तर मात्र कधी कॉल तुटेल सांगता येत नाही. म्हणून "माहीत नसेल तर ४४" हा सल्ला वाईट नाही.

पण जिथे अपलोड अरुंद आहे तिथे लहान पॅकेटं तुम्ही स्वतःच तयार करता. दर दोन मोठ्या पॅकेटांमागे तुमचा कॉम्प्युटर साधारण एक पोच (पॅकेट मिळाल्याची पावती, म्हणजे अ‍ॅक) पाठवतो. पोच ५२ बाइटांची. डाउनलोड जोरात असला की अपलोडच्या बाजूने नुसत्या या चिमुकल्या पोचा धावत असतात.

सत्तरीचो_गडी (वाळपई)

मास्तर, हे माझंच वर्णन झालं. आमच्या वाड्यावर फायबर नाही, डोंगराच्या पलीकडच्या गावापर्यंत आलीय. आमच्याकडे अजून टेलिफोनची तांब्याची तार. मोडेमच्या पानावर सिंक (लाइनचा जुळलेला वेग) डाउन ८ एमबीपीएस, अप ५१२ केबीपीएस. आई मुंबईच्या भावाशी व्हिडिओवर बोलते, मी काही डाउनलोड करायला घेतलं की तिचं चित्र गोठतं. डाउनलोड मी करतो, गोठतो तिचा अपलोड. हे कोडं मला कधी सुटलं नाही.

पॅकेटमास्तर

गडीबाब, या धाग्यात ओव्हरहेडची खरी गरज कोणाला असेल तर तुम्हाला. बाकीचे आपण दोन-तीन टक्क्यांसाठी भांडतोय, तुमच्याकडे दुपटीचा फरक आहे.

तुमची तांब्याची लाइन म्हणजे एडीएसएल, आणि ती एटीएम नावाच्या पद्धतीवर चालते. एटीएममध्ये सगळं ५३ बाइटांच्या सेलमधून जातं. त्यातले ५ हेडरचे, ४८ मालाचे. पॅकेट ४८ च्या पटीत बसलं नाही तर शेवटचा सेल रिकामा भरून पाठवतात. समजा ४८ सीटांची कदंब बस आहे आणि ४९ माणसं आली: दुसरी अख्खी बस सोडावी लागते, तिकीट दोन्ही बसचं. वर शेवटच्या बसमध्ये ८ सीटा कायमच्या राखीव, त्या एएएल५ च्या (एटीएमवरच्या आवरणाच्या) शेपटीसाठी.

पीपीपीओई आणि एलएलसी (एटीएमवरचं आणखी एक आवरण) असेल तर दर पॅकेटमागे साधारण ४० बाइट जातात, ती शेपटी धरून. आता तुमची पोच: ५२ + ४० = ९२, म्हणजे दोन सेल, म्हणजे तारेवर १०६ बाइट. ५२ चे १०६!

पुढे. तुमच्या ८ एमबीपीएसमध्ये मोठं पॅकेट १४९२ + ४० = १५३२, ते ३२ सेलमध्ये बसतं, १६९६ बाइट. सेकंदाला अशी ५९० च्या आसपास पॅकेटं येतात. त्यांच्या पोचा सुमारे २९५. तुमचा शेपर ओव्हरहेड न धरता हिशेब करतो: २९५ × ५२ × ८, म्हणजे १२३ केबीपीएस. तारेवर प्रत्यक्षात: २९५ × १०६ × ८, म्हणजे २५० केबीपीएस. ५१२ मधले जवळपास निम्मे! आईच्या चित्राला लागणारी जागा तुमच्या डाउनलोडच्या पोचांनी खाल्ली आणि शेपरला त्याचा पत्ताच नाही, कारण त्याच्या वहीत अजून भरपूर जागा शिल्लक आहे.

सत्तरीचो_गडी

बाप रे. म्हणजे डाउनलोड पूर्ण भरलं की अपलोड अर्धा गेला.

पॅकेटमास्तर

होय. आणि इथे वेग कमी करण्याची युक्ती मेली. पोचांसाठी कपात करायची तर निम्म्यावर आणावं लागेल, मग मोठ्या पॅकेटांचं अपलोड विनाकारण निम्म्यावर. एसक्यूएममध्ये लिंक लेयर "एटीएम" निवडा, ओव्हरहेड ४०. अपलोडचा वेग सिंकच्या ९५ टक्के, डाउनलोडचा ९० च्या आसपास. डाउनलोडची रांग आपल्या हातात नसते, पलीकडून आलेल्या पॅकेटांना आपण फक्त मागून ब्रेक लावतो, म्हणून तिथे सूट जास्त ठेवायची.

केकमध्ये पोचा विरळ करण्याचं एक फिल्टरही आहे, "अ‍ॅक-फिल्टर". फक्त अपलोडच्या बाजूला लावा. एरवी मी ते सुचवत नाही, पण १६ ला १ असं प्रमाण असलेल्या तुमच्या लाइनला ते शोभतं.

रेवती_साखळी

४० की ४४? ओपनडब्ल्यूआरटीच्या विकीवर एडीएसएलला ४४ आहे ना?

पॅकेटमास्तर

इथरनेटचा ४ बाइटांचा चेकसमही एटीएमवर जात असेल तर ४४, नसेल तर ४०. बहुतेक ठिकाणी जात नाही. विकीवर सुरक्षित आकडा दिलाय. पण एटीएममध्ये चार बाइट म्हणजे चार बाइट नसतात. साधा जी.७११ चा व्हॉइस कॉल घ्या: २० मिलिसेकंदांचा आवाज १६० बाइट, आरटीपीचे १२, यूडीपीचे ८, आयपीचे २०, एकूण २००. ४० धरले तर २४०, बरोब्बर पाच सेल, एक बाइटही वाया नाही. ४४ धरले तर २४४, सहावा सेल. शेपर २६५ ऐवजी ३१८ मोजेल. नुकसान नाही, पण ५१२ च्या लाइनवर ते जाणवतं.

म्हापसा_शुक्रवार

गडीबाबच्या लाइनवर खरंच एटीएम आहे हे कसं कळणार? मोडेमवर लिहिलेलं असतं?

पॅकेटमास्तर

एडीएसएल असेल तर धरून चाला. व्हीडीएसएल२ वर (तांब्याच्याच तारेची पुढची पिढी) सहसा एटीएमऐवजी पीटीएम असतं, त्यात दर ६४ बाइटांना १ जादा, दीड टक्का, सेलची भानगड नाही. खात्री हवी असेल तर पिंगचा जिना बघा. लाइन रिकामी असताना पिंगचा आकार एकेक बाइटने वाढवत जा, प्रत्येक आकाराला बरीच पिंगं करून सगळ्यात कमी वेळ टिपा आणि आलेख काढा. एटीएम नसेल तर तिरकी सरळ रेघ. एटीएम असेल तर पायऱ्या, दर ४८ बाइटांना एक. ५१२ केबीपीएसवर एक सेल वर चढायला ०.८३ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे पायरी स्वच्छ दिसते. पहिली पायरी कुठल्या आकाराला चढते त्यावरून ओव्हरहेडही काढता येतं. रात्रभर चालू ठेवा आणि इन्व्हर्टरवर ठेवा, वाळपईत वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तेरेखोल_काठ

मंडळी, नवी केबल लावली. पोर्ट १००० दाखवतंय. एसक्यूएम बंद ठेवून स्पीड टेस्ट: १९८. आता माझ्या अरुंद जागेचं ओव्हरहेड कसं काढू? जिना इथे दिसेल का?

पॅकेटमास्तर

नाही दिसणार. २०० एमबीपीएसवर ४८ बाइट म्हणजे दोन मायक्रोसेकंद, पिंगच्या गोंगाटात कुठल्या कुठे बुडतील.

पण दुसरी वाट आहे. तुम्हाला दोन गोष्टी माहीत नाहीत: प्रोव्हायडरच्या शेपरचा वेग आणि तो दर पॅकेटमागे किती बाइट जादा धरतो. दोन अज्ञातं, तर दोन मोजण्या करा. एक नेहमीच्या पॅकेटांनी, ती झाली. दुसरी लहान पॅकेटांनी: लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचा एमटीयू ५७६ करा आणि तीच टेस्ट त्याच सर्व्हरवर घ्या. लॅपटॉप समोरच्याला सांगतो "मला ५३६ पेक्षा मोठा तुकडा पाठवू नकोस", त्यामुळे डाउनलोडही लहान पॅकेटांत येतं. आयपीव्ही६ ला किमान १२८० लागतात, त्यामुळे तेवढ्या वेळापुरतं ते त्या कार्डावर बंद पडेल, घाबरू नका. टेस्ट टीसीपीची हवी. क्विकवर (टीसीपीऐवजी वापरतात ते) चालणारं काही घेऊ नका, त्याला सुरुवातीलाच १२०० बाइट लागतात.

मोठ्या पॅकेटात कामाचे १४४० बाइट असतात, लहानात ५२४ (५३६ वजा टाइमस्टँपचे १२). लहानाचा वेग भागिले मोठ्याचा वेग, हे गुणोत्तर बघा. शेपर नुसतं आयपी पॅकेट मोजत असेल तर ०.९४३ येईल. ३० बाइट जादा मोजत असेल तर ०.९१४. ४४ असेल तर ०.९०.

मायक्रोबाब

मास्तर, एक टोचणी. १८० एमबीपीएस ५२४ च्या तुकड्यांत म्हणजे सेकंदाला चाळीस हजारांहून जास्त पॅकेटं. स्वस्त राउटरचा प्रोसेसर तिथे धापा टाकतो. मग आकडा कमी येईल आणि तुम्ही म्हणाल "बघा, ओव्हरहेड ६०!"

पॅकेटमास्तर

अगदी बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. मोजताना एसक्यूएम बंद, हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटं प्रोसेसरला टाळून पुढे ढकलणं) चालू, आणि दुसऱ्या खिडकीत प्रोसेसरचा भार बघत राहा. एखादा कोअर शंभर टक्के झाला तर मोजणी फेकून द्या. नंतर एसक्यूएम लावताना मात्र ऑफलोड बंद करायला विसरू नका. ऑफलोड चालू असेल तर पॅकेटं शेपरला वळसा घालून जातात. तुमच्या मायक्रोटिकवरही फास्टट्रॅक (तसाच आडमार्ग) चालू असेल तर साध्या रांगांचं तेच होतं.

मायक्रोबाब

...फास्टट्रॅक बघून येतो 😐

तेरेखोल_काठ

दोन्ही मोजण्या पुन्हा पुन्हा घेतल्या, प्रोसेसर ४० टक्क्यांच्या वर गेला नाही. मोठी: १९८. लहान: १८१.

पॅकेटमास्तर

१८१ / १९८ = ०.९१४. ओव्हरहेड ३० च्या जवळ. एक टक्का मोजणीची चूक झाली तर उत्तर दहा-अकरा बाइटांनी हलतं, त्यामुळे "नेमके ३०" असं छातीठोकपणे म्हणू नका. पण हा आकडा ओळखीचा आहे: पीपीपीओई ८, इथरनेट हेडर १४, व्हीलॅनची खूण ४, चेकसम ४. एकूण ३०. प्रोव्हायडरचा शेपर फ्रेम मोजतोय असं दिसतं.

आता वेग: १९८ × १५२२ / १४४० = २०९. म्हणजे तुमच्या २०० च्या प्लॅनवर त्यांनी थोडं वर सोडलंय. डाउनलोडला २०९ चे ९५ टक्के, १९८ लिहा. ओव्हरहेड मी ३४ लिहीन, चार बाइट गाठीशी. एमपीयू ६४. अपलोडचं वेगळं मोजा, तिकडे आकडा वेगळा निघू शकतो.

आणि एसक्यूएम पीपीपीओईच्या इंटरफेसवर लावा, खालच्या इथरनेटवर नको.

रेवती_साखळी

यावरून एक भर. लिनक्सचा कर्नल इथरनेटच्या इंटरफेसवर पॅकेटचा आकार मोजताना १४ बाइटांचं हेडर आपणहून धरतो, पीपीपीओईच्या इंटरफेसवर धरत नाही. केक हे १४ वजा करून मग तुमचं ओव्हरहेड मिळवतं, त्यामुळे केकमध्ये आकडा नेहमी आयपी पॅकेटच्या वर किती, असा लिहायचा. केकच्या आधीच्या एचटीबी आणि एफक्यू-कोडेल या पद्धतींच्या जोडीत, टीसी या लिनक्सच्या कमांडच्या आकार-तक्त्याने ओव्हरहेड लावलं तर ही वजाबाकी होत नाही, १४ दोनदा मोजले जातात. फायबरवर कोणाचं बिघडत नाही, पण एटीएमवर एक जादा सेल पडू शकतो. गडीबाब, तुम्ही केकच घ्या. लिनक्स ४.१९ पासून ते कर्नलमध्येच आहे.

लावल्यावर टीसीची आकडेवारी काढून बघा. केक तिथे पॅकेटचा मूळ किमान-कमाल आकार आणि ओव्हरहेड धरलेला किमान-कमाल आकार, दोन्ही दाखवतं. तेरेखोलभाऊ, तुमच्याकडे कमाल १४९२ च्या पुढे १५२६ दिसायला हवं. दोन्ही आकडे सारखेच दिसले तर सेटिंग लागलेलंच नाही.

तेरेखोल_काठ

१४९२ आणि १५२६. बरोबर दिसतंय. डाउनलोड भरून टाकलं तरी पिंग १२ चं १५-१६. एमटीयू ५७६ करूनही तेवढंच. आज मुलीचं सगळं चालू असताना कॉल घेतला, कोणी "तुमचा आवाज येत नाही" म्हटलं नाही.

एक शंका. १९८ लिहिलंय, स्पीड टेस्ट १८६ दाखवते. बारा कुठे गेले?

पॅकेटमास्तर

कुठेही नाही. १९८ × १४४० / १५२६ = १८६.८. शेपर फ्रेम मोजतो, स्पीड टेस्ट आतला माल मोजते. आयपीव्ही६ वर टेस्ट घेतलीत तर आणखी अडीच एमबीपीएस कमी दिसेल, त्याचं हेडर २० बाइटांनी मोठं आहे.

मायक्रोबाब

फास्टट्रॅक चालू होता. एवढे दिवस माझी केकची रांग रिकामीच बसली होती. मी आजपासून ओव्हरहेडवर मत देणार नाही 🙏

राउटरओएसच्या केकमध्ये ओव्हरहेड आणि एमपीयूचे वेगळे रकाने आहेत, आत्ता नीट बघितले. ४४ भरले.

म्हापसा_शुक्रवार

माझ्याकडे ४जी चा राउटर, फायबर नाही. मी किती भरू?

पॅकेटमास्तर

तुमच्याकडे ओव्हरहेड हा प्रश्नच दुय्यम. ४जी-५जी वर अरुंद जागेचा वेगच दर मिनिटाला बदलतो. टॉवरवर किती जण आहेत, पाऊस आहे का, माडाच्या झावळ्या कुठे हलतायत, सगळ्यावर अवलंबून. ठरावीक आकडा लिहिलात तर तो एक तर फार कमी नाही तर फार जास्त. केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे, ती पिंग बघत बघत शेपरचा वेग वरखाली करते. ओव्हरहेड ४४ ठेवून द्या आणि विसरा. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

सत्तरीचो_गडी

जिना काढला! रात्री दोनदा वीज गेली, पण इन्व्हर्टरने तग धरला. पायऱ्या अगदी स्वच्छ, दर ४८ ला. ओव्हरहेड ४० च निघालं. लिंक लेयर एटीएम, अपलोड ४८५, डाउनलोड ७२००, अ‍ॅक-फिल्टर फक्त अपलोडला.

आत्ता आई भावाशी बोलतेय आणि मी मुद्दाम मोठी फाइल उतरवायला लावलीय. चित्र गोठलेलं नाही. भाऊ विचारतोय फायबर आली का.

पॅकेटमास्तर

पावसाळ्यात तांब्याच्या तारेचा सिंक खाली येतो. ५१२ चा ४४८ झाला तर तुमचे ४८५ पुन्हा जास्त होतील. आठवड्यातून एकदा मोडेमचं पान बघा, किंवा आत्ताच ४२५ करून ठेवा.

सत्तरीचो_गडी

४२५ केलं. आईला फरक कळला नाही.